दगडी मुठीची राजकन्या

एका राज्यात डोंगर काळे होते, नद्या काळ्या दगडांतून वाहत होत्या आणि प्रजा दगडाला देव मानीत होती. वाटेतल्या धोंड्यालाही लोक हात जोडीत, आणि दगडावर ओरखडा काढणे पाप समजत. भस्मकेतू नावाच्या मांत्रिकाने ही रीत पाहिली आणि तिच्यावरच आपला डाव मांडला. त्याने दरबारात पिवळ्याधमक खड्यांची रास ओतली आणि तो म्हणाला, की एवढे सोने देणाऱ्यापुढे साऱ्यांनी वाकावे. प्रधानापासून पहारेकऱ्यापर्यंत सारे वाकले. एकट्या राणी विशालाक्षीने सांगितले, की सोने आधी कसाला लावून, दगडावर घासून पाहू. त्याच क्षणी ती दगड झाली. मांत्रिकाने तो दगड उचलला आणि आपल्या गुहेत नेला.

मग त्याने दवंडी पिटवली. जो सोने ओळखील, हिरा ओळखील आणि शेवटी राणीचा दगड ओळखील, त्याने तिला घेऊन जावे. जो चुकेल, तो दगड होईल. आणि जो दगडावर ओरखडा काढील, त्याचा हात दगड होत जाईल.

शूर राजपुत्र आले. त्यांनी रंग पाहिला, चकाकी पाहिली, बोट ठेवले आणि गुहेच्या दारात दगड होऊन पडले. प्रधानजी म्हणू लागले, की आता राणीचे एक मंदिर बांधावे आणि प्रकरण मिटवावे.

राणीची मुलगी कौमुदी दरबारात कधी तोंड उघडीत नसे. त्या दिवशी ती खाली मान घालून म्हणाली, "मंदिर नको. मला आई हवी." आणि ती निघाली.

वाटेत माळावर एक टिटवी बसली होती. कौमुदी पाऊल टाकणार, तोच ती बोलली, "बघून चाल, पोरी. ती माझी अंडी आहेत."

कौमुदीने क्षमा मागितली. तिला ते खडेच वाटले होते.

"साऱ्यांना वाटतात. रंगावर गेले असते, तर मीही जन्मभर खडेच उबवले असते."

मग तू कशी ओळखतेस, असे कौमुदीने विचारले. टिटवीने सांगितले, की रंग कोणीही अंगावर घेतो. मी चोच लावते, वजन बघते, मगच बसते.

गुहेच्या दारात भस्मकेतू बसला होता. त्याने दोन पिवळे खडे पुढे ठेवले. एक आरशासारखा झळकत होता, दुसरा मळकट होता. यातले सोने कोणते, असे त्याने विचारले. कौमुदीने दोन्ही खडे काळ्या पायरीवर घासले. झळकत्या खड्याची रेघ हिरवट काळी उमटली, मळकट खड्याची पिवळी. तिने मळकट खडा उचलला.

"उत्तर बरोबर," मांत्रिक म्हणाला. "पण पायरीवर ओरखडा उठला."

तिच्या उजव्या हाताची बोटे मिटली आणि त्यांची काळी दगडी मूठ झाली. कौमुदीने मुठीकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले.

"पुढचे विचार," ती म्हणाली.

त्याने पाण्यासारखे दोन खडे ठेवले. एक लिंबाएवढा आणि लखलखीत, दुसरा ज्वारीच्या दाण्याएवढा आणि धुरकट. कौमुदीने डाव्या हाताने मोठा खडा लहानावर ओढला. लहानावर काही उमटले नाही. लहान मोठ्यावर ओढला, तेव्हा खोल रेघ उठली. तिने लहान खडा उचलला. तोच हिरा होता. तिचा उजवा हात कोपरापर्यंत दगड झाला.

मांत्रिक आता गोड बोलू लागला. या दगडांच्या पाया पड, चुकले म्हण, आणि पुन्हा धड झालेला हात घेऊन घरी जा, असे त्याने सांगितले.

"माझे चुकलेले नाही," कौमुदी म्हणाली.

आत मखमलीवर लाल, जांभळी, हिरवी रत्ने मांडली होती. जमिनीवर ओबडधोबड काळे धोंडे पडले होते. राणीला शोभेल असा दगड निवड, असे म्हणून भस्मकेतू हसला.

कौमुदी मखमलीकडे गेलीच नाही. ती धोंड्यांमध्ये बसली आणि एकेक धोंडा डाव्या हाताने उचलू लागली. दिसायला सारे सारखे, हाताला सारे जड. एक मात्र भोपळ्याएवढा असूनही हलका लागला. म्हणजे तो आतून पोकळ होता. तिने विचार केला, की दगड झालेल्या माणसात श्वास उरत असेल, तर श्वासाला जागा लागते.

"हा," ती म्हणाली.

"मग फोड. चुकली असशील, तर तूही यांच्यात पडशील. आणि फोडणार कशाने? तुझ्याजवळ हातोडा नाही."

कौमुदीने उजवा हात उचलला.

"आहे. तूच दिलास."

दगडी मूठ धोंड्यावर पडली. धोंडा दुभंगला. आत मोगऱ्याच्या कळ्यांसारखे पांढरे स्फटिक दाटले होते, आणि त्यांतून राणी विशालाक्षी केसांतला चुरा झटकीत बाहेर आली. तिने लेकीला जवळ घेतले.

कौमुदी दाराकडे वळली आणि तिने राजपुत्रांचे दगड उचलून पाहिले. तेही हलके होते.

"बोली एकाच दगडाची होती," भस्मकेतू ओरडला.

"बोली तुझी होती," कौमुदी म्हणाली, आणि तिने पुन्हा मूठ उगारली.

एकेक दगड फुटला, एकेक राजपुत्र डोळे चोळीत उठला. आणि प्रत्येक घावासरशी मांत्रिकाचे अंग पांढरे पडत गेले. शेवटचा दगड फुटला, तेव्हा मांत्रिक शंखजिऱ्याच्या दगडाचा झाला होता, नखानेही रेघ उमटावी इतका मऊ. त्याच क्षणी कौमुदीच्या हातात रक्त फिरले आणि बोटे उघडली.

राणी परतली. तिने ओरखड्याची बंदी उठवली. प्रधानजी चिंतेत पडले. ते हात जोडून म्हणाले, की आता जो तो दगड घासून बघेल. आईसाहेब, उद्या सिंहासनावरही ओरखडे उठतील.

"उठू देत," राणी म्हणाली, आणि तिने लेकीला आपल्या शेजारी बसवले.