हौसाक्काच्या दोन कणग्या

फार वर्षांपूर्वी, हिवरदऱ्याला गाडीवाटसुद्धा नव्हती तेव्हा, त्या गावात हौसाक्का नावाची बुरडीण राहत होती. तिचा हात लागला की बांबू स्वतःहून वाकायचा, असं म्हणतात. गावाच्या धान्याच्या दोन कणग्या तिनेच केलेल्या. दोन्ही बांबूच्या विणलेल्या, एकाच मापाच्या तट्ट्यांच्या, बारा हात लांब आणि सहा हात रुंद. एक तट्टा उभा धरून गुंडाळला, ती झाली बारा हात उंच, सडपातळ कणगी. दुसरा आडवा गुंडाळला, ती झाली सहा हात उंच, बुटकी आणि पोट सुटलेली. शेणमातीने लिंपून दोन्ही चावडीत उभ्या केल्या होत्या.

आता हिवरदऱ्याची रीत ऐका. कणगीत धान्य ओतताना मोजायचं नाही, मोजलं की बरकत जाते, अशी समजूत. मग धान्य किती हे कळायचं कसं? कणगीला काठी लावायची. जितके हात उंची, तितकं धान्य. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललेलं, आणि त्यात कोणाला काही वावगं दिसलं नव्हतं.

त्या वर्षी रान करपून गेलं. जे काही होतं ते या दोन भरलेल्या कणग्यांत, आणि पुढच्या सुगीपर्यंत साऱ्या गावाला त्यावरच जगायचं होतं. अशात एका सकाळी घोडेस्वारांचं पथक येऊन थडकलं. पथकाच्या नायकाने फर्मावलं, "उंच कणगीत जेवढी ज्वारी आहे, तिच्या निम्मी द्या. नाही दिलीत तर घरं पेटवू."

बयाजी पाटलाने काठी लावली. उंच कणगी बारा हात, बुटकी सहा हात. त्याचा चेहरा खुलला. "नाईक, ही बुटकी बरोब्बर निम्मी हाय. ही सगळीच न्या," असं म्हणून गडी देवाच्या भंडाऱ्यावर हात ठेवून शब्द देऊन बसला.

हौसाक्का चावडीच्या पायरीखाली उभी होती. बुरुडाला वर यायची मुभा नव्हती. ती ओरडली, "पाटील, काय केलंसा ह्ये! बुटकीत उंच कणगीच्या दुप्पट मावतंय. त्येंनी निम्मं मागितलं, तुमी चौपट दिलंसा! पोरंबाळं काय माती खातील?"

लोक हसले. "आक्का, काठी खोटं बोलती व्हय?"

नाईकही हसला. मिशीला पीळ देत म्हणाला, "दाखव तर. मागितल्यापेक्षा एक दाणा जास्त असला, तर तो आम्हाला हराम. पण तू खोटी ठरलीस, तर जन्मभर आमच्या छावणीत टोपल्या वळायच्या."

घरी तिचं अंगावर पिणारं मूल होतं. तरी ती "व्हय" म्हणाली.

मोजायला तर बंदी. तिने एकाच मापाचे दोन लहान तट्टे घेतले, दोन वीत लांब आणि वीतभर रुंद. एक उभा वळला, एक आडवा वळला, आणि दोन्ही टाचले. बुटक्या नळ्याच्या आत उंच नळा उभा केला. उंच नळ्यात काठोकाठ ज्वारी भरली. मग दोन्ही हातांनी तो उंच नळा अलगद वर उपसून घेतला.

ज्वारी सळसळत खाली बसू लागली. बसत गेली, बसत गेली, आणि बुटक्या नळ्याच्या बरोबर मध्यावर येऊन थांबली. वरचा अर्धा नळा रिकामाच!

नायकाचा घोडा दोन पावलं मागे सरला, आणि ओढ्याचं उरलंसुरलं पाणी घटकाभर वाहायचं थांबलं, असं म्हणतात. नायकाने स्वतःच्या हातांनी पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. तेच! आपण काय घालवायला निघालो होतो, ते बयाजी पाटलाला आत्ता दिसलं. अहो, जिने कणग्या केल्या ती बाई समोर उभी, आणि सारा गाव विचारतोय काठीला! सांगतानासुद्धा मला संताप येतो.

नाईक शब्दाला जागला. "मग आम्ही न्यायचं किती?" त्याने तिलाच विचारलं.

"बुटकीतली चौथाई," हौसाक्का म्हणाली. "एकाच कणगीत काठी खरं बोलती. बुडाला भोक पाडून सा हातांतली दीड हात ज्वारी उतरू द्या, मग भोक बुजवा."

दीड हात ज्वारी उतरली, भोक बुजलं, पथक निघून गेलं. उरलेल्यावर गाव जगला. सुगी येईपर्यंत गावातली एकही चूल विझली नाही, असं म्हणतात.

पाटलाने तिला विचारलं, "आक्का, काय देऊ?"

ती म्हणाली, "काय नगं. म्होरल्या बारीला आदी इचारा."

आता हिवरदऱ्यात पत्र्याच्या कोठ्या आल्यात. तालुक्याच्या बाजारात कोणी कोठीची उंची बघायच्या आधी तिच्या पोटाला सुतळी गुंडाळायला लागलं, की दुकानदार ओळखतो, गिऱ्हाईक हिवरदऱ्याचं. बुरुडाचं घर मात्र गावात राहिलेलं नाही. त्या जागी नुसती पडीक जमीन आहे. तरी सुगी झाली की गावाचा पाटील अनवाणी तिथे जातो, सगळ्यांदेखत हात जोडतो आणि मोठ्याने विचारतो, "आक्का, किती मावंल?" सगळे गप्प उभे राहतात. उत्तर कोणी देत नाही. पण विचारल्याशिवाय काठी उचलायची अजून कोणाची छाती होत नाही.