तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा

फार जुन्या काळची गोष्ट. राजे तट बांधत आणि प्रजा दगड फोडत असे, तेव्हाची. एका डोंगराच्या कुशीत काळ्या दगडाची मोठी खाण होती आणि खाणीच्या वरच्या अंगाला गावाचं तळं. तळ्यावर गावाची तहान भागायची, खाणीवर गावाचं पोट चालायचं.

खाण आणि तळं यांच्या मधोमध पूर्वजांनी चाळीस हात रुंदीचा दगड तसाच सोडला होता. त्याच्या खाणीकडच्या टोकाला शेंदूर फासलेली शिवेची देवी बसवली होती. देवीमागच्या दगडाला छिन्नी लावायची नाही, एवढाच नेम. गावाने तो कधी मोडला नाही. फक्त दर चैत्रात, चांगला दगड संपत आला की गाव देवीलाच हातभर मागे सरकवायचं. ढोल वाजवून, नारळ फोडून, मोठ्या मानाने. देवी कधी नाही म्हणाली नाही. ‘देवीमागं चाळीस हात’ असं बायका जात्यावर गातच राहिल्या. मोजलं मात्र कुणी नाही.

याच गावात एका पाथरवटाची तरणी बायको होती. पदरी सहा महिन्यांचं मूल, पहिलंच. ती पाथरवटाचीच लेक. दगड वाजवून त्याचं पोट ओळखायला बापाने शिकवलेली. पण मूल झाल्यापासून तिला सगळ्याचीच धास्ती वाटे. पाळण्याची दोरी ती दिवसातून दहादा ओढून बघे. बाळ रडलं तर भिई, शांत निजलं तर जास्त भिई. आपली कुठली भीती खरी आणि कुठली उगाच, हे तिचं तिलाच कळेनासं झालं होतं.

एके दुपारी बाळाला कडेवर घेऊन ती नवऱ्याची भाकरी द्यायला खाणीत उतरली. नवरा तळ्याकडच्या भिंतीखाली पाचरी ठोकत होता. एवढ्या कडक उन्हातही त्या भिंतीवर तिला बोटभर हिरवं शेवाळ दिसलं. तिने खडा उचलून दगडावर वाजवला. भरीव दगड खणखणतो. हा नुसता भद्द बोलला.

तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, देवी सरकवायच्या दिवशी चारचौघांत बोल, मी एकट्याने ऐकून काय होणार?

तो दिवस उजाडला. देवीला हात लावण्याआधी म्हाताऱ्या गुरवाने तीनदा विचारायचं आणि तीनदा गावाने ‘काही नाही’ म्हणायचं, अशी रीत होती. आजवर कुणी दुसरं काही म्हटलं नव्हतं.

“कुणाचं काही म्हणणं?” गुरवाने विचारलं. तिने बाळाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. काही नाही, गाव म्हणालं.

“कुणाचं काही म्हणणं?”

“आहे,” ती म्हणाली. ढोलवाल्याची टिपरी हवेतच राहिली. “तळ्याकडची भिंत ओली आहे. दगड पोकळ बोलतो. म्हणजे, मला तसं वाटलं. चुकतही असेन मी.”

खाणीचा मुकादम हसला. “सूनबाई, ओलं काय झालंय ते आधी कडेवर बघ.”

सगळे हसले. तीही थोडी हसली.

गुरव भला माणूस होता. समजुतीने म्हणाला, “पोरी, चुकत असशील तर मुहूर्त कशाला दवडायचा? नक्की काय ते सांग.”

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता. एवढे केस पांढरे झालेले लोक इथे उभे, आणि मीच काय ती शहाणी, असं तिच्या मनात आलं.

गुरवाने तिसऱ्यांदा विचारलं. बाळाचं टोपडं सारखं करत ती गप्प राहिली. ढोल वाजला. देवी हातभर मागे गेली.

दुसऱ्या दिवशी नवरा पहार खांद्यावर टाकून निघाला, तेव्हा ती दारात आडवी उभी राहिली. जाऊ नका, म्हणाली. तो रागावला नाही.

“अगं, चुकत असेन असं तूच म्हणालीस ना,” म्हणाला. बाळाच्या टाळूवर हात ठेवला आणि गेला.

दुपारी भिंत फुटली. अख्खं तळं खाणीत उतरलं. नऊ माणसं खाली होती. एकही वर आला नाही.

तळ्यात चिखल उरला आणि तडफडणारे मासे. खाण काठोकाठ भरली. दगड बुडाला, त्याची राखण करणारी देवीही बुडाली. तटासाठी दगड नेणारी राजाची माणसं दुसरा डोंगर शोधायला निघून गेली आणि त्यांच्यामागोमाग एकेक करत निम्मं गाव.

गावाने तिला कधी बोल लावला नाही. उलट राहिलेल्या बायका म्हणत, एकटी हीच तर बोलली होती बिचारी. ती ऐकून घेई आणि घागर बुडवायला खाणीच्या काठाशी वाके. पाणी काळं, गार, तळ न दिसणारं. बोलली होती खरी. पण गुरवाने तीनदा विचारलं होतं.

तेव्हा लहानांनो आणि थोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: खरं दिसलेलं माणसाने तिसऱ्यांदाही सांगावं, आवाज कापला तरी.