खालच्या घाटाची पायवाट

"म्हणजे भोपळे जाळले, की लोक यायचे थांबतील. असंच ना?"

धोंडनाथांनी मान वर न करता विचारलं. मांडीवर एक वाळका कडू भोपळा होता. देठाशी पाडलेल्या भोकातून ते बिया झटकून काढत होते.

"असंच," वेणा म्हणाली.

"पक्कं?"

"अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही लावून पाहिलेत, बाबा. जिथं भोपळे आहेत तिथं लोक येतात. जिथं नाहीत तिथं येत नाहीत. याहून पक्कं काय असतं?"

नाथांनी भोपळा कानाशी धरून हलवला. आत एक बी अजून खुळखुळत होती.

"एक राहिलीच..." ते स्वतःशीच म्हणाले, आणि पुन्हा काडी आत घातली.

शेवाळी नदी म्हणजे दोन राज्यांची शीव. पलीकडच्या राज्यात दोन वर्षं लढाई चालली होती आणि लोक जीव घेऊन अलीकडे येत होते. माणसाला नावेत घालून आणायला राजाची बंदी होती. भोपळ्यांबद्दल मात्र कुठंच काही लिहिलेलं नव्हतं.

म्हणून धोंडनाथ रोज पहाटे आपल्या डोणीतून पलीकडे जात, भोपळ्यांच्या जोड्या तिथल्या उंबराला टांगत, आणि गुपचूप परत येत. लोक यायचे. दोन भोपळे दोरीनं एकमेकांना बांधले की त्याची सांगड होते. ती छातीखाली घेऊन, पाय मारत, थुंकत, देवाचं नाव घेत ते अलीकडे नाथांच्या मठाच्या घाटाला लागायचे. सांगड काठावर ठेवायचे आणि पुढे जायचे.

ठाणेदार सुभानरावांना हे खपत नव्हतं. पण मठाची वस्तू मठाच्या लेखी कबुलीशिवाय जाळता येत नव्हती.

ती कबुली वेणानं लिहिली होती.

वेणा पाठशाळेत तर्कात पहिली आलेली. मठात येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. पान पडलं तरी दचकायची, पण वादात कुणाला हार जायची नाही. आणि या बाबतीत तिला खरोखरच भीती वाटत होती. कोणीतरी बुडणार, आणि आपल्या भोपळ्याच्या भरवशावर पाण्यात उतरून बुडणार, हे तिला झोपेतसुद्धा दिसायचं.

"आपण त्यांना पाण्यात बोलावतो, बाबा," ती आता म्हणाली. "भोपळे दिसले नसते तर ते घरीच राहिले असते."

"कुठल्या घरी?"

"तो वेगळा प्रश्न झाला."

"झाला खरा," नाथ म्हणाले.

तेवढ्यात ठाणेदार आले. अंगानं भरलेले, दमलेले, पागोटं एका बाजूला कललेलं. त्यांच्या घोड्यानं फुरफुर केली तशी वेणा दोन पावलं मागे सरली.

"कागद झाला का, बाई?"

वेणानं घडी त्यांच्या हातात दिली. तीन घाटांची हकीकत होती. ती प्रत्येक घाटावर नऊ नऊ दिवस बसली होती. मठाच्या घाटावर त्रेचाळीस माणसं काठाला लागली. वडाच्या घाटावर एकही नाही. खालच्या घाटावर एकही नाही. शेवटी निष्कर्ष, वळणदार अक्षरात.

सुभानरावांनी ओठ हलवत सगळं वाचलं. त्यांचा चेहरा उजळला.

"शिकलेल्या माणसाचं काम वेगळंच. नाथबाबा, राग मानू नका. माझ्या ठाण्याच्या गावात विहीर एक आहे. आज त्रेचाळीस आले, उद्या चारशे येतील. ते कुणाच्या ओसरीवर बसतील, सांगा."

"येतील," नाथ म्हणाले.

"म्हणजे तुम्हालाही पटतंय."

"चारशे येतील हे पटतंय."

"मग आज उन्हं उतरायच्या आत भोपळे जाळतो."

"जाळा." नाथ उठले. कमरेत हात देऊन सरळ झाले. "पण त्याआधी जरा खालच्या घाटापर्यंत चला. पाय मोकळे होतील."

"तिथं काय आहे? तिथं तर काहीच नाही असं तुमची शिष्याच लिहिते."

"तेच बघू."

त्यांनी एक सांगड आणि दोरीचं वेटोळं खांद्यावर टाकलं. ठाणेदार हसले.

"फिरायला जातानासुद्धा ओझं?"

"सवय हो..." नाथ म्हणाले.

खालचा घाट म्हणायला घाट. पायऱ्या नव्हत्या. दोन्हीकडून काळा खडक पुढे आलेला, आणि मधून नदी अंग चोरून धावत होती. अलीकडच्या बाजूला चार-पाच पावलं कमरेइतकं पाणी. पुढे एकदम खोल. आवाज इतका की शेजारच्याशीही मोठ्यानं बोलावं लागे.

वेणा खडकावर आली आणि सवयीनं पाण्याकडे पाठ करून उभी राहिली.

"तू नऊ दिवस कुठं बसायचीस?" नाथांनी विचारलं.

"इथंच. या करंजाखाली."

"कशी?"

"कशी म्हणजे?"

"तोंड कुठं?"

वेणाच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. वाहत्या पाण्याकडे फार वेळ पाहिलं की तिला घेरी यायची, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"काठाकडे," ती म्हणाली. "लोक काठावरच येणार ना, बाबा? आलेली माणसंच मोजायची होती. शिवाय वाळूत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. मी रोज पाहायची. दुपारी आले की आधी तेच पाहायची."

"दुपारी?"

"सकाळी धुकं असतं इथं..."

ती बोलता बोलता थांबली. नाथांनी तिचे खांदे धरले आणि तिला हलकेच वळवलं.

"डोळे उघड."

तिनं उघडले. आधी पाणीच पाणी. मग पलीकडचा काठ स्थिर झाला.

तिथं गवतातून एक पायवाट खाली येत होती. रुंद, चांगली मळलेली. मधोमध गवताचं पातंही राहिलं नव्हतं. कितीतरी पायांनी तुडवलेली. ती उतरत उतरत थेट पाण्यापर्यंत आली होती.

"कुठं जाते ती?" नाथांनी विचारलं.

"नदीत."

"आणि अलीकडे कुठून निघते?"

वेणानं पायाशी पाहिलं. खडक. वाळू. काठावरचं गवत गुडघाभर वाढलेलं, कुणी न तुडवलेलं.

"निघत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज पाण्यात विरून गेला, म्हणून पुन्हा म्हणाली, "निघतच नाही, बाबा."

...

ठाणेदार सुभानरावांनी पलीकडची पायवाट पाहिली. मग त्यांनी पागोटं काढून काखेत धरलं.

"माझी चौकी वरच्या अंगाला, वडाच्या घाटावर आहे," ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाले. "इथं काही होत नाही असाच रोजचा निरोप यायचा मला."

"वरच्या वाटेवर तिकडच्या फौजेनं तळ टाकला, की लोक इकडं वळतात," नाथ म्हणाले. "उंबर त्यांना दिसतच नाही."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?" वेणा एकदम बोलली. रडू आणि राग दोन्ही आलं होतं. "नऊ दिवस मी इथं बसले होते..."

नाथ काही उत्तर देणार तोच पलीकडचं गवत हललं.

तीन माणसं. एक म्हातारा, एक बाई, आणि तिच्या पाठीशी चार-पाच वर्षांची मुलगी. म्हाताऱ्याच्या डोक्यावर उलटी बाज होती.

"मागं फिरा," ठाणेदार ओरडले. दोन्ही हात हलवत ओरडले. "पाण्याला ओढ फार आहे. मागं फिरा."

बाईनं वर पाहिलं. मग मागे, झाडांच्या शेंड्यांकडे पाहिलं. तिकडून धूर चढत होता. तिनं मुलीला उचलून बाजेवर बसवलं, आणि दोघं बाजेचे पाय धरून पाण्यात उतरली.

मधल्या धारेपर्यंत ठीक होतं. मग बाज भोवऱ्यासारखी फिरली. एक कड पाण्याखाली गेली. मुलगी किंचाळली नाही, फक्त आडवी पडून सुंभाला चिकटली. धारेनं बाज उचलली आणि अलीकडच्या खडकाच्या बाजूला फेकली, पण काठाला नाही, दहा हात आत.

नाथ सांगडीला दोरीची गाठ मारत होते. ठाणेदार अजून ओरडत होते.

त्यानंतर काय झालं ते वेणाला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. एवढं आठवायचं, की पाणी फार गार होतं. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. घेरी आली नाही. बाजेचा एक पाय समोरून जात होता, आणि तिनं तो दोन्ही हातांनी धरला.

पायाखालची वाळू सरकली. ती बाजेसकट ओढली जाऊ लागली. तिनं पाय सोडला नाही. नाकातोंडात पाणी गेलं, तरी सोडला नाही.

मग मागून येऊन काहीतरी तिच्या खांद्याला थडकलं.

"छातीखाली घे," नाथांचा आवाज आला. "एक हात दोरीत. एकच. दुसऱ्यानं बाज सोडू नकोस."

तिनं सांगड छातीखाली घेतली. अंग वर उचललं गेलं. दोरी ताणली गेली. दोरीच्या दुसऱ्या टोकाला ठाणेदार सुभानराव होते. दोरी कमरेला गुंडाळून, टाचा खडकाच्या फटीत रुतवून ते मागे रेलले होते, आणि त्यांच्या मागे नाथ.

"ओढा," नाथ म्हणत होते. "ओढा, सुभानराव. आता नाही तर तुमचं वजन कधी कामाला येणार?"

"बोलू नका हो..." ठाणेदार दात खाऊन म्हणाले, आणि ओढलं.

बाज हातभर आली. परत अर्धा हात गेली. पुन्हा हातभर आली. वेणाचे पाय कुठंतरी घट्ट टेकले. मग बाईचे टेकले. म्हातारा शेवटी आला. त्यानं सुंभ हातांनी धरलं होतंच, शिवाय दातांतही धरलं होतं. खडकावर आल्यावरही ते त्याला सोडवेना.

सगळे आडवे पडून धापा टाकत राहिले.

मग ती मुलगी खोकली. भरपूर पाणी ओकली. उठून बसली आणि आईला म्हणाली, "माझी एक वाहाण गेली."

बाई हसायला लागली. हसता हसता रडली, आणि मुलीला पोटाशी धरून पुन्हा हसली. वेणाला तिचं हसू लागलं. ठाणेदारांनासुद्धा आवरेना.

"तिघं," वेणा म्हणाली. तिचे दात वाजत होते. "बाबा, तिघंच्या तिघं आली."

"चौघं," नाथ म्हणाले. "तूही ओली आहेस."

सुभानरावांनी खडकावर पडलेलं पागोटं उलगडलं आणि त्याचा लांबलचक पट्टा मुलीभोवती गुंडाळला. मग त्यांना आपलं काम आठवलं. त्यांनी घसा साफ करून म्हाताऱ्याला विचारलं, "तुम्हाला इकडे बोलावलं कुणी?"

म्हाताऱ्यानं तोंडातला सुंभाचा धागा थुंकला.

"बोलावणं आलं असतं तर पालखी नसती का आली, सरकार?"

ठाणेदारांनी कनवटीची घडी काढली. कागद कडेला भिजला होता, पण अक्षर शाबूत होतं. त्यांनी तो वेणापुढे धरला.

"हे तुमचं."

वेणानं घेतला. पूर्वी तिला कुणी चूक दाखवली की रात्रभर झोप यायची नाही. आता तिनं कागद शांतपणे वाचला, पहिल्या ओळीपासून निष्कर्षापर्यंत.

"व्यतिरेक चुकलाय," ती म्हणाली. "मी पोचलेले मोजले. निघालेले मोजलेच नाहीत. मठाच्या घाटावर लोक भोपळ्यांमुळे निघाले नव्हते, भोपळ्यांमुळे पोचले होते. मी दुसरा लिहून देते, ठाणेदार. दोन्ही काठांचा."

"द्या. मी पुढे पाठवतो. वरून काय उत्तर यायचं ते येवो." सुभानराव पलीकडच्या पायवाटेकडे पाहत होते. त्यांच्या हातांना दोरीनं लाल वळ उठले होते. "नाथबाबा... या घाटाला किती जोड्या लागतील?"

"दहा असल्या तर बरं."

"आणि डोणी?"

"एकच आहे. मी म्हातारा. दोन घाट होत नाहीत माझ्याच्यानं."

"ठाण्याची एक पडून आहे," ठाणेदार म्हणाले. "माणूस नेणार नाही मी तिच्यातून. हुकूम म्हणजे हुकूम. पण भोपळे..."

"भोपळ्यांचं कुठं काही लिहिलेलं नाही," वेणा म्हणाली.

मग सगळी मठाकडे निघाली. पुढे म्हातारा आणि ठाणेदार, बाज दोघांच्या डोक्यावर. मागे बाई. मुलगी ठाणेदारांच्या पागोट्यात गुरफटून आईच्या कडेवर. काठावरच्या गुडघाभर गवतातून पाण्यातून वर आलेली पावलं पहिल्यांदाच पडत होती. वेणा त्या तुडवलेल्या गवताकडे पाहत सगळ्यांत शेवटी चालत होती. तिचा चेहरा असा फुलला होता की नाथांनी दोनदा वळून पाहिलं.

तरी तिच्यातली पाठशाळा गप्प बसेना.

"बाबा, एक शंका उरतेच."

"उरू दे की. काय आहे?"

"माझा कागद चुकला, हे मान्य. पण तरीही, आधार दिसला म्हणून एखादा उतरत असेलच ना? शंभरात एक? भोपळा दिसला नसता तर त्यानं पाण्यात पाऊलही टाकलं नसतं, असा?"

"असेल."

"मग त्याचं काय?"

नाथ थांबले. खांद्यावरची ओली सांगड त्यांनी उतरवली आणि तिच्या हातात दिली. ती अजून निथळत होती.

"मघाशी तू पाण्यात पाऊल टाकलंस, वेणे... तेव्हा ही कुठं होती?"