कण्हाच्या तापावर घेतलेला कौल

फार पूर्वी अश्मक देशावर एक राजा राज्य करीत होता. लोकांनी नाव लक्षात ठेवावे असे त्याने काही केले नाही, म्हणून आपणही ते सोडून देऊ. त्या काळी बोधिसत्त्व प्रतिष्ठान नगरात मिऱ्याचा व्यापारी होऊन जन्मला होता आणि त्याला नंदिय म्हणत. मिरी घेताना तो पोत्यात कोपरापर्यंत हात घाली, तळाचा दाणा काढी आणि चावून पाही. बाजार त्याला हसे. पण त्याच्या मालात खडे निघाले असे कधी कुणी म्हटले नाही.

त्याच्या शेजारी गोमिल नावाचा कापडवाला बसे. माणूस मनाने वाईट नव्हता, आणि धंद्यात तर पक्का. सूत ओढून, चुरगाळून, उन्हात धरून पाहिल्याशिवाय तो ठाण घेत नसे. मत मात्र तो शेजाऱ्याच्या अंगावरचे उतरवून घाली आणि ते आपल्याच मापाचे शिवले आहे असे समजे.

हे सारे व्यापारी दरवर्षी पूर्णक नायकाच्या तांड्यातून शूर्पारक बंदराला जात. वाटेत एक मोठे कोरडे रान लागे. त्या रानापुरती तांड्याची एक रीत होती. तिथे कुणाला ताप भरला, तर त्याला झाडाखाली निजवायचे, उशाशी पाण्याचा माठ ठेवायचा आणि पुढे चालू लागायचे. रीत निर्दय होती, पण उगाच पडलेली नव्हती. आजोबांच्या काळी एका तांड्यात ताप पसरला होता आणि घरी परतले ते नुसते बैल.

बाजारात यावर नेहमी वाद होई. गोमिल हिरीरीने म्हणे, एकासाठी शंभर मारायचे का? वाक्य मूळचे पूर्णकाचे. पण गोमिलने ते इतके वापरले होते की त्याला ते आपलेच वाटे. बोधिसत्त्वाला विचारले, तर तो म्हणे की मला अजून ठाऊक नाही. लोक म्हणत, याला दाणा चावायला मिळाला नाही अजून.

त्या वर्षी रानात ताप भरला तो गोमिलच्या थोरल्या भावाला, कण्हाला. बाप गेल्यावर गोमिलला लहानाचा मोठा केला तो यानेच.

माणूस मागे टाकायचा, तर सगळ्या तांड्याचा कौल लागे. प्रत्येकाने एक काडी उचलायची. काळी म्हणजे ठेवून जायचे, पांढरी म्हणजे बरोबर न्यायचे. कौलाआधी बोधिसत्त्व हा ताप एकाचा दुसऱ्याला लागतो का, ते जुन्या गाडीवानांना विचारून आला, आणि मग गोमिलला घेऊन कण्हापाशी जाऊन बसला. इतकी वर्षे वाद घालणारा गोमिल तापातल्या माणसाजवळ पहिल्यांदाच बसत होता.

कण्हाने डोळे उघडले. म्हणाला, "गोमिला, माझ्या तांबड्याला डावीकडं जुंपू नकोस हं. रुसतो तो."

बोधिसत्त्वाने कण्हाला पाणी पाजले आणि गोमिलला बाजूला घेऊन म्हणाला, "ताप दुसऱ्याला लागतो की नाही, ते मला कळलं नाही. जवळ बसलेले काही आजारी पडले, काही नाही पडले. पण हा माणूस शुद्धीवर आहे आणि जगायचं म्हणतोय, एवढं कळलं. याची गाडी मागं ठेवू, वारा ताप तांड्याकडं नेणार नाही अशी. ती मी हाकतो. तुला आता काय दिसलं, ते तू बघ."

गोमिलला काय दिसायचे ते दिसले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःचे असे मत झाले होते, आणि ते पांढरे होते.

बोधिसत्त्वाने मागच्या गाडीची गोष्ट सर्वांपुढे मांडली आणि काड्या वस्त्राआड, कुणाला न दिसता उचलाव्यात अशी विनंती केली. पूर्णक प्रेमळपणे हसला. आपण काय चोर आहोत का, उघड्यावर घेऊ, कुणावर जबरदस्ती नाही, असे म्हणून त्याने पहिली काडी स्वतः उचलली. काळी.

प्रतिष्ठानात एक घोंगडीवाला होता. तो आपल्याच मेहुण्याला गिऱ्हाईक म्हणून दुकानापुढे उभा करी. मेहुण्याने एक घोंगडी घेतली की मागच्या दहा जणांना थंडी वाजू लागे. इथेही तसेच झाले. काळ्या काड्या भराभर उचलल्या गेल्या. बोधिसत्त्वाने पांढरी घेतली, तेव्हा कुणीतरी म्हणाले, "चावून बघितलीस ना रे?" सगळे हसले.

मग गोमिलची पाळी आली. त्याने मनात हिशेब केला. माझ्या एका पांढरीने काय फरक पडणार? दादा मागे राहायचा तो राहणारच, वर नायकाचे मन दुखावेल, आणि पुढल्या वर्षी तांड्यात जागा मिळणार नाही. त्याने काळी उचलली.

पूर्णकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "याला म्हणतात काळीज. सख्खा भाऊ असून याने तांड्याचा विचार केला."

ते शब्द गोमिलला गोड लागले. तेच त्याला पुढे जन्मभर कडू लागायचे होते. कारण त्याच्यामागे उभे असलेले कितीतरी जण मनात पांढरी धरून आले होते. त्यांनी गोमिलच्या हाताकडे पाहिले. भाऊच काळी घेतो, तिथे आपण कोण, असे म्हणून त्यांनीही काळी घेतली.

बोधिसत्त्व वाद घालीत बसला नाही. त्याने आपली पोती दुसऱ्याच्या गाडीत घातली आणि तो कण्हापाशी राहिला. रिवाजाप्रमाणे मिळाला तो एकच माठ. कण्हाची गाडी आणि बैल घेऊन तांडा निघून गेला.

परतीच्या वाटेवर तांड्याला कण्ह भेटला. तो रानाच्या कडेच्या पाड्यावर काठी टेकत हिंडत होता. लाकूडतोड्यांनी त्याला उचलून आणले होते. ते पोचण्याआधीच बोधिसत्त्व तहानेने गेला होता. पाणी आपल्यालाही हवे हे त्याने कण्हाला शेवटपर्यंत कळू दिले नव्हते.

गोमिल भावाच्या पाया पडला. रडत म्हणाला, "दादा, माझ्या मनात पांढरीच होती."

"ठाऊक आहे," कण्ह म्हणाला. "नंदिय तेच सांगत होता. मरताना तुझी बाजू घेत होता. पण गोमिला, तुझ्या मनातलं मला कुणी पाजायचं होतं?"

त्यानंतर तो गोमिलशी कधी बोलला नाही आणि पुन्हा तांड्यात गेला नाही.

तांड्याने मात्र बोधिसत्त्वाचा मोठा मान केला. त्या झाडाखाली दगडी चौथरा बांधला. येता-जाता लोक तिथे फुले वाहत आणि आपणही पांढरीच घेणार होतो, असे एकमेकांना सांगत. पुढल्या वर्षी एका गाडीवानाला ताप भरला. त्याला त्या चौथऱ्यावरच ठेवून जावे, जागा पुण्याची आहे, असे पूर्णकाने सुचवले. सगळ्यांना ते पटले. गोमिललाही.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. सकाळी एका भिक्षूने त्यांना म्हटले होते की, दाराशी पडलेल्या आजारी वाटसरूला विहारात घ्यावे की नाही, यावर थेरांचे, म्हणजे थोरल्या भिक्षूंचे, मत कळले म्हणजे मीही माझे सांगीन. शास्ते त्याच्याकडे वळले. "त्या वेळचा कण्ह म्हणजे आज दाराशी पडलेला वाटसरू. पूर्णक म्हणजे तू ज्यांच्या तोंडाकडे पाहतोस ते थेर. गोमिल तू होतास, आणि नंदिय मी. डोळ्यांना जे दिसले तेच हाताने उचलावे, ही सत्यपारमिता, सत्याची पूर्णता."

मग शास्ते उठले आणि दाराकडे चालू लागले. भिक्षू मान खाली घालून बसला होता. थोड्या वेळाने त्याने हळूच शेजाऱ्याकडे पाहिले, तो उठतो की काय ते.