पहिल्या पंगतीतली माणसं

“परवा दुपारपर्यंत राज्यातली सगळी वजनदार माणसं माझ्यासमोर हजर कर! एक सुटला तर तू तुरुंगात. आणि एखादा साधा माणूस चुकून पकडलास, तरी तूच तुरुंगात!”

राजा हिंमतराव एवढं बोलून विडा चघळायला लागला. समोर खजिन्याचा पहारेकरी दगडोजी उभा होता.

झालं होतं असं, की तळं बांधायला खजिना उघडला होता. तळं झालं नाही, बड्या लोकांच्या माड्या झाल्या. राजाला त्या दिसायला तीन वर्षं लागली. दिसल्यावर त्याने फर्मान काढलं: ज्याच्या हातात सत्ता आहे, किंवा सत्तेवाल्याच्या खांद्यावर ज्याचा हात आहे, त्याने सरकारी पेढीत सोनं ठेवताना ते आलं कुठून हे सांगायचं. आता अशी माणसं कोण, हे शोधायला राजाने दिवाणांना सांगितलं. दिवाणांनी कारभाऱ्यांना सांगितलं, कारभाऱ्यांनी हवालदाराला, हवालदाराने दगडोजीला. दगडोजीच्या हाताखाली कोणी नव्हतं, म्हणून राजासमोर तोच उभा राहिला.

एक मुलगी होती, तिचं नाव हौशी.

“बाबा, रडताय कशाला? घरोघर जाऊन विचारू,” ती म्हणाली.

“अगं, ते खरं सांगतील होय?”

“नाही. पण खोटं कसं बोलतात ते तरी बघू.”

बापलेक आधी माजी दिवाण नरहरपंतांकडे गेले. पंत झोपाळ्यावर जपमाळ ओढत होते. “आम्ही कसले वजनदार, पोरी? पद सोडून जमाना झाला. आता फक्त देव!” मागे गवंडी तिसरा मजला चढवत होते.

राणीसाहेबांचे भाऊ रंगराव म्हणाले, “मेहुणा म्हणजे काय नातं झालं? लांबचा पाहुणा मी!”

धान्याचे व्यापारी लखमाप्पा शेठ तर म्हणाले, “राजा गोरा की काळा, तेसुद्धा मला ठाऊक नाही!”

गल्लोगल्ली तीच तऱ्हा. मोठ्यांनी खोटं बोलायचं आणि लहानांनी मान खाली घालून ऐकायचं, अशी त्या गावची रीत होती. हौशीने मान वर ठेवली आणि तडक राजवाडा गाठला.

“महाराज, गावाला एक जेवण घाला.”

“मी माणसं मागितली, तू जेवण मागतेस?”

“ती माणसं जेवणाशिवाय बाहेर येत नाहीत, महाराज.”

राजा हट्टी होता, पण त्यालाही जेवण आवडायचं. त्याच संध्याकाळी दवंडी पिटली गेली: “ऐका हो ऐका! परवा राजवाड्यात जेवण! पहिली पंगत फक्त महाराजांच्या आणि त्यांच्या अंमलदारांच्या जवळच्या माणसांची, दिवाणखान्यात, चांदीच्या ताटात! बाकीच्यांनी मागाहून मैदानात पत्रावळीवर बसावं हो!”

ठरलेल्या दिवशी आचाऱ्याने चूल पेटवायच्या आधीच दिवाणखान्याच्या दारात रेटारेटी सुरू झाली. हौशी तूप वाढायला तांब्या घेऊन कोपऱ्यात उभी राहिली. दगडोजी दाराशी पहाऱ्याला उभा होता.

“बाजूला व्हा! अजून माझ्या शब्दावर नेमणुका होतात!” नरहरपंत जपमाळ खिशात कोंबून थेट राजाच्या चौरंगाशेजारी बसले.

“पंत, तो पाट माझा! राणीसाहेबांचा सख्खा भाऊ आहे मी!” रंगराव ओरडले.

“मी दिवाणांचा जावई!”

“मी जावयाचा मोठा भाऊ!”

तेवढ्यात लखमाप्पा शेठ घुसले. लोक त्यांना बाहेर ढकलायला लागले. “अहो, ढकलता काय? रंगरावांच्या गोदामात निम्मी भागी माझी आहे! विचारा त्यांना!”

रंगरावांनी डोळे मिटून घेतले. ही भागी आजवर त्यांच्या बायकोलासुद्धा माहीत नव्हती.

मग राजवाड्याचा शिंपी हळूच एका पाटावर टेकला. सगळी पंगत त्याच्यावर तुटून पडली. “अंगरखा शिवला म्हणजे राजाचा माणूस होतोस काय? ऊठ! मैदानात जा!” त्याच्यामागून आलेला पखालवाला त्यांनी असाच हाकलला.

राजा येऊन चौरंगावर बसला. “हं, पहारेकऱ्या! माणसं कुठायत माझी?”

दगडोजी हौशीकडे बघायला लागला. हौशी पुढे आली.

“जेवायला बसलीत, महाराज.”

घास हवेतच थांबले.

“एकही सुटला नाही, कारण पत्रावळीवर बसायची यांची तयारी नाही. एकही जास्तीचा नाही, कारण जास्तीचे यांनीच हाकलून दिले. माझ्या बाबांना काही करावंच लागलं नाही.”

“पण मी पद सोडलंय!” नरहरपंत किंचाळले.

“पंत, पहिला पाट कुठं सोडलात?”

“म्हणजे आम्ही चोर?” रंगराव उसळले.

“मी असं कुठं म्हणाले, मामासाहेब? तुमच्या ताटात तूप आधी पडतं. ते आलं कुठून, एवढंच विचारायचं. सरळ आलं असेल तर सांगा आणि जेवा.”

लखमाप्पा शेठना ठसका लागला. पाणी कोणी दिलं नाही.

राजाने मिशीवरून हात फिरवला. “म्हणजे सगळे सापडले?”

“एक राहिलाय, महाराज.”

“कोण तो?”

“ज्याच्यासाठी पाट नाही, चौरंग मांडलाय.”

दगडोजीने डोळे घट्ट मिटले. राजाने खाली चौरंगाकडे पाहिलं, मग हौशीकडे. आणि तो एवढ्या मोठ्याने हसला, की वाटीतली आमटी धोतरावर सांडली.

“विचार! पहिल्यांदा मलाच विचार! आणि दगडोजी, आजपासून पेढीच्या दारात बसून तूच सगळ्यांना विचारायचं!” त्याने समोरचं चांदीचं ताट पुसून हौशीच्या हातात ठेवलं. “हे तुला बक्षीस!”

हौशीने ताट घेतलं, पण ती जागची हलली नाही.

“अजून काय पाहिजे?”

“एक चिठ्ठी द्या, महाराज. हे ताट कुठून आलं, तुमच्या अक्षरात. आता मीही तुमचं माणूस झाले ना? उद्या बाबा मलाच विचारतील!”

राजा हसत हसत चौरंगावरून घसरला आणि जमिनीवर बसूनच त्याने दौत मागवली.