लाज न शिकलेला पोपट

एक होता राजा. धवलसेन त्याचं नाव. त्याच्याकडे हत्ती होते, सोनं होतं, केतकी नावाची गुणी राणी होती. पण त्याला एक दुखणं होतं, बरं का. राणी हसली की त्याला वाटायचं, ही कुणासाठी हसली? गप्प बसली की वाटायचं, ही कुणाला आठवतेय? राणीनं मोगरा माळला, तर हा मोगऱ्यावरसुद्धा जळायचा!

मग एकदा काय झालं, समुद्रापलीकडून एक कारागीर आला. त्यानं पितळेचा पोपट आणला होता. पोपट माणसाच्या मनगटावर बसायचा. पायांनी नाडी बघायचा, नखांनी घाम बघायचा, कानांनी आवाजातला कंप ऐकायचा. आणि मग मनातलं एका शब्दात सांगायचा. आनंद, दुःख, राग, भीती, माया, मत्सर. यातलं काहीच नसेल तर म्हणायचा, शांत.

"चुकतो का कधी?" राजानं विचारलं.

"माणूस चुकेल महाराज, पोपट नाही," कारागीर म्हणाला. विकणारे असंच म्हणतात, बाळांनो.

राजानं गळ्यातला कंठा काढून त्याला दिला आणि पोपट थेट राणीच्या मनगटावर बसवला. आधी आपल्या मनगटावर बसवून बघावा, हे काही त्याला सुचलं नाही. राजांना ते कधी सुचत नाही.

"मी सांगतो ती नावं घे," राजा म्हणाला. दरबारातले चार लोक बघत होते.

"दामू आचारी," राणी म्हणाली.

"शांत," पोपट बोलला. राजाला बरं वाटलं.

"येसबा गुरव," राणी म्हणाली. येसबा देवळात सनई वाजवायचा.

पोपट पंख फडफडवून बोलला, "आनंद!"

राजाच्या पोटात निखारा पडला. सनईत एवढं काय आहे? नुसती फुंकायची तर असते!

मग तो म्हणाला, "आता माझं नाव घे."

राणीनं मान खाली घातली. तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. 'अहो' आणि 'इकडून' एवढ्यावर तिचा सगळा संसार चालला होता. तिच्या तळहाताला घाम सुटला. नाडी धावायला लागली. "ध... धव..." आवाजच फुटेना.

पोपट किंचाळला, "भीती! भीती!"

"गुरवाच्या नावाला आनंद आणि माझ्या नावाला भीती!" राजा उसळला.

"अहो, मला विचारा तरी," राणी म्हणाली.

"विचारायचं काय? पोपटानं सांगितलं ना!"

मग राजानं येसबाला वेशीबाहेर घालवलं. राणीसाठी मेणा मागवला. म्हणाला, "माहेरी जा. न्यायला कुणी येणार नाही." पोपट तसाच तिच्या मनगटावर होता.

राणी रडत दाराशी आली. तर उंबरठ्यावर कोण बसलेलं? राजाची बहीण तानूबाई. चांगली मांडी ठोकून!

"ऊठ, तानू," राजा म्हणाला.

"नाही उठणार. आपल्या घरची रीत आहे, दादा. वहिनी आत येवो नाहीतर बाहेर जावो, नणंदेनं अडवायचं आणि नाव घ्यायला लावायचं. घ्या वहिनी, झोकात!"

राणीनं डोळे पुसले. म्हणाली,

"पितळेच्या पोपटाची पढवलेली बोली,
धवलसेनांनी मलाच विचारावी माझ्या मनाची खोली."

आणि पोपट बोलला, "माया! माया!"

राजा चक्रावला. "मग दरबारात भीती कसली?"

"भीती कुठली? लाज होती ती!" तानूबाई कडाडली. "उखाण्यात नाव घ्यायची मुभा असते. तू चारचौघांत नुसतं नाव मागितलंस. या परदेशी पाखराला लाज हा शब्दच शिकवलेला नाही. त्याच्याकडे जो शब्द होता, तो त्यानं वहिनींच्या माथी मारला."

"आणि येसबा?"

राणी म्हणाली, "येसबा माझ्या माहेरचा. त्याचं नाव घेतलं की मला आमची विहीर दिसते, आई दिसते."

"मला काही हेवाबिवा वाटला नव्हता," असं म्हणत राजानं पोपट ओढायला हात पुढे केला. पोपट टुणकन त्याच्याच मनगटावर चढला आणि कोकलला, "मत्सर! मत्सर! मत्सर!"

मेण्याचे भोई हसले. तानूबाई हसली. राजाचे कान लाल झाले.

मग तो राणीशेजारी उंबरठ्यावर बसला. पहिल्यांदाच त्यानं विचारलं, "तुला काय वाटतंय गं?"

"राग आलाय," राणी म्हणाली. "आणि भूक लागलीय. पण येसबा घरी आल्याशिवाय मी घास घेणार नाही."

मग राजा स्वतः पायी वेशीबाहेर गेला. येसबाची माफी मागितली, त्याची सनई आपल्या खांद्यावर टाकली आणि त्याला घेऊन परत आला. दामूनं पुरणपोळी केली. राणी पोटभर जेवली आणि मग कुठे तिचा राग निवळला. पोपट गेला परसात, पापड राखायला. कावळा आला की ओरडायचा, "भीती!" तेवढं मात्र त्याला बरोबर जमायचं. राजा-राणी सुखानं नांदले. राजाला अधूनमधून जळजळ व्हायची, पण तो आधी विचारायचा.

चला, मिटा डोळे. कोण जागं आहे ते मला श्वासावरून कळतं, बरं का. पण मी आपली विचारतेच. झोपलीस का गं सोनू?

"हो, आजी."

हं. मग झोप आता खरंच.