मांडीवरची पाटी

“पण कायद्यातलंच बोललो ना मी, महाराज? पदरचं काही घातलं का?”

भास्कर खडतरे वकील हे तिसऱ्यांदा विचारत होते. लहानपणी याच मठात बाराखडी गिरवलेला तल्लख माणूस, कोर्टात हरणं ठाऊक नाही. पण परवाची केस जिंकले आणि घास गोड लागेना, म्हणून घाटाखाली आले.

सावळगिरी महाराज ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत होते.

“काय बोललास, ते सांग.”

“गोदाक्का बाजाराला निघालेली. टेम्पो वळणावर उलटला, ती गेली. मालाच्या गाडीत विमा फक्त मालाच्या धन्याला. तिच्यासोबत माल होता असं कोर्टानं धरलं असतं, तर मालाची धनीण म्हणून तिच्या लेकीला विम्याची भरपाई मिळती. मी विमावाल्यांचा वकील. म्हटलं, मेथीची पाटी मांडीवर होती. मांडीवरचं ते प्रवाशाचं सामान, त्याला कायदा माल म्हणत नाही... मानलं कोर्टानं.”

“मग माल कशाला म्हणतो तुझा कायदा?”

व्याख्या तोंडपाठच. “जिवंत माणूस सोडून गाडीतनं जे जे वाहून नेतात, ते.”

“जिवंत माणूस सोडून...”

“हो.”

महाराजांचा हात थांबला.

“तिला घरी कशातनं आणली रे?”

“दुसऱ्या टेम्पोतनं.”

“तेव्हा ती काय होती?”

वकिलांना उत्तर येत नव्हतं असं नाही. उत्तर येत होतं, तेच दुखणं होतं.

“...माल.”

“आणि पाटी?”

“पायाशी ठेवलेली म्हणे. रिकामी.”

महाराजांनी पुढची शेंग उचलली.

“निकाल फिरेल?”

“माझ्या हातनं नाही आता.”

तेवढ्यात पायवाटेनं गोदाक्काची लेक येताना दिसली. आई दर गुरुवारी मठाला मेथी द्यायची, तो नेम आता तिनं धरलेला. डोक्यावर तीच पाटी. आपल्याकडं ओझं घेऊन आलेल्याला आधी हात देऊन उतरवून घेतात, मग ये-बस म्हणतात. ती ओसरीपुढं येऊन थांबली.

वकिलांनी मान खाली घातली. हळूच म्हणाले, “कुठल्या तोंडानं जाऊ, महाराज?”

“तोंड राहू दे. हात लाव पाटीला... पाटीखाली जिवंत माणूस आहे.”